दाराहून रुंद होडी

कामावर त्याला सगळे टेप म्हणत. कमरेच्या पट्ट्याला पाच मीटरचा पोलादी टेप कायम अडकवलेला असे, आणि तो वापरायची संधी हा माणूस सहसा सोडत नसे. लोकांची बिऱ्हाडं इथून तिथे हलवणाऱ्या कंपनीत त्याला चौदा वर्षं झाली होती. बाकीचे गडी ट्रकमधून उतरल्याबरोबर पाणी मागत, हा आधी दार मोजी. मग जिन्याचं वळण, मग वरचं दार, आणि त्यानंतर कपाटाला हात. नव्याने लागलेल्या गड्यांना तो एकच धडा देई, "दोनदा मोज, एकदा उचल." हे वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटलं होतं की गडी त्याच्या पाठीमागे त्याच्याच आवाजात ते म्हणून दाखवत.

अशा माणसाने स्वतःच्या जुळ्या मुलींच्या पहिल्या वाढदिवसाला दारातून बाहेर न निघणारी होडी बांधावी, यावर कंपनीत कुणाचा विश्वास बसला नसता. पण कंपनीतले दोघे त्या वेळी तिथे हजरच होते, त्यामुळे बसला.

मुली अकरा मिनिटांच्या अंतराने झालेल्या. थोरलीने रडायला सुरुवात केली की तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत खबर जाई, म्हणून ती भोंगा. धाकटी आवाज म्हणून करत नसे. जमिनीवर जे सापडेल ते शांतपणे तोंडात घालायचं आणि कुणी बघितलं की तोंड मिटून घ्यायचं, असा तिचा खाक्या होता, म्हणून ती गुपचूप. कागदोपत्री दोघींना चांगली भारदस्त नावं होती, पण ती लस टोचणाऱ्या बाईंशिवाय कुणी वापरत नसे.

टेपची बायको बालवाडीत शिकवायची. कागद, कात्री आणि खळ म्हणजे तिच्या हातचा मळ. वाढदिवसाला दीड महिना असतानाच तिने जाहीर केलं की विकतचं काही आणायचं नाही, सगळं घरी करायचं, आणि सगळं एकाच विषयावरचं असेल. विषय समुद्र. लगेच जुन्या पाकिटांचे मासे झाले, जोडीदार हरवलेल्या मोज्यांचे आठ पायांचे प्राणी झाले, एक निळी चादर कापून तिच्या लाटा झाल्या.

"आणि होडी मी करणार," टेप म्हणाला.

"मला वाटलंच होतं," बायको म्हणाली.

तिला वाटलं होतं, कारण होडीची गोष्ट तिने लग्नाआधीपासून ऐकलेली होती. टेपला लहानपणचा एकच वाढदिवस आठवत असे. तेव्हा तो चार वर्षांचा असेल. साबणाचं एक मोठं खोकं, ते आडवं करून त्याच्या मोठ्या बहिणीने, म्हणजे आक्काने, त्याला आत बसवलं. खोक्याच्या आतल्या बाजूला एक काळा बाण छापलेला होता. आक्का म्हणाली, "ही होडी. बाण जिकडे, होडी तिकडे. अजिबात हलू नकोस, नाहीतर बुडशील." मग तिने बिस्किटांचा आख्खा पुडा त्याच्या मांडीवर ठेवला, वाटून घ्यायचा नाही, सगळा त्याचा. तो कितीतरी वेळ न हलता बसला होता. घरात पुष्कळ माणसं आली होती, पाठीमागे पावलं वाजत होती. एवढी माणसं आणि एवढी बिस्किटं म्हणजे वाढदिवसच. पुढे कधी तसा झाला नाही.

ही गोष्ट तो भेटेल त्याला सांगे. आक्काला मात्र ती फारशी आवडत नसावी. "कसली होडी? खोकं होतं ते," एवढं म्हणून ती जेवायला वाढायला उठे.

आक्का त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई तो लहान असतानाच गेली, तेव्हापासून त्याची आई काय, बाप काय, शाळेत सही करायला जाणारं माणूस काय, सगळं आक्काच. तिने मोठ्या धुलाईखान्यात तीस वर्षं उभं राहून इस्त्री केली. कपड्यांच्या सुरकुत्या गेल्या आणि तिचे गुडघे गेले. आता ती सपाट रस्त्यावर काठीने चालायची, पण जिना म्हटला की दोन पायऱ्यांत तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत.

आणि टेपचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. मुली होणार म्हणून दीड वर्षापूर्वी त्याने ते घेतलं. लिफ्ट नव्हती. पायऱ्या चोपन्न, हे त्याने अर्थातच पहिल्या दिवशी मोजलं होतं. मुलींना घेऊन तो दर रविवारी आक्काच्या खोलीवर जाई, पण आक्काने त्याचं घर काही पाहिलं नव्हतं. पाळणा कुठे ठेवलाय, स्वयंपाकघराला खिडकी आहे की नाही, मुली कुठे रांगतात, तिला सगळं ऐकूनच माहीत.

"खुर्चीत बसवून नेतो की तुला," तो म्हणे. "पियानो नेलेत आम्ही पाचव्या मजल्यावर."

"मी बाई आहे, पियानो नाही," आक्का म्हणे. "माणसांनी उचलून न्यायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही. पाय नेतील तेव्हा येईन."

यात तिचा हट्ट आहे असं टेपला वाटे. आक्काचा हट्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, त्यामुळे त्याने वाद घालणं सोडून दिलं. आक्का वर येत नाही तर वाढदिवस खाली नेऊ, असं ठरलं. इमारतीच्या तळाशी गाड्या लावायची जागा होती, तिथल्या चार गाड्या दुपारपुरत्या रस्त्यावर काढायला शेजारी तयार झाले. टेपला त्या दिवसाकडून एकच गोष्ट हवी होती. दोन्ही मुली होडीत बसलेल्या आहेत आणि समोर आक्का आहे. बाकी केक जळला असता तरी चाललं असतं.

बांधकाम मात्र वरच, बाहेरच्या खोलीत सुरू झालं, कारण खाली ओल होती आणि मांजरं होती. कामाला लागायच्या आधी त्याने दार मोजलं. बत्तीस इंच. होडीचा सांगाडा त्याने तीस इंच रुंद केला, म्हणजे दोन इंच मोकळे. त्याच्या धंद्यात दोन इंच म्हणजे मैदान. हे माप त्याने भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवलं आणि तो विषय त्याच्या डोक्यातून गेला.

पुढचे सहा आठवडे तो रोज कामावरून आल्यावर होडीला एक थर लावत असे. रद्दीचे कागद, वर खळ, वर पुठ्ठ्याच्या पट्ट्या, पुन्हा कागद. वाळलं की फळकुटासारखं टणक होई. टणक झालं की त्याला वाटे, अजून एक द्यावा. मुली आत उभ्या राहतील, कडेला रेलतील, कड वाकता कामा नये. मग कामावरच्या, जड सामान उचलायच्या फाटक्या पट्ट्यांची जाड वेणी वळून त्याने काठाला सगळीकडून फिरवली, हाताला धरायला. मधोमध एक केबिन केली, छपरासकट. ती मुळात सुटी राहणार होती. पण शेवटच्या आठवड्यात खळ उरली, आणि उरलेली खळ टाकून द्यायची कशी, म्हणून केबिनही पक्की चिकटवली.

"अहो, आता बास," बायको म्हणाली. "पोरी दहा मिनिटं बसणार आहेत. त्यांना समुद्र ओलांडायचा नाहीये."

त्याने बाहेरून लाल रंग दिला. आत पांढरा. फक्त आतल्या टोकाशी पुठ्ठ्याचा एक तुकडा त्याने मुद्दाम न रंगवता ठेवला. फ्रीजच्या खोक्याचा होता तो, आणि त्याच्यावर काळा बाण होता.

वाढदिवसाच्या दिवशी पार्टी चारला. आक्का टॅक्सीने तीनलाच आली आणि खाली टेबलाशेजारच्या खुर्चीत बसली. भोंगा तिच्या मांडीवर. वर दोन लाटा लटकत होत्या, टेबलावर मासळीच्या आकाराचा केक होता, तिचा एक डोळा ओघळलेला. सव्वातीनला टेप, त्याच्या टोळीतले सगळ्यात जुने उस्ताद आणि लंबू नावाचा गडी असे तिघे होडी आणायला वर गेले.

"मोजलंय ना?" उस्तादांनी सवयीने विचारलं.

"उस्ताद, हे तुम्ही मला विचारताय?"

तिघांनी होडी उचलली. टेप पुढे, पाठ दाराकडे करून. तो चौकटीतून बाहेर पडला, आणि मग होडी थांबली. दोन्ही बाजूंना एकाच वेळी ठप्प असा आवाज आला. टेपला तो आवाज चांगला ओळखीचा होता. चौदा वर्षांत त्याने तो दुसऱ्यांच्या हातून पुष्कळदा ऐकला होता.

 होडी खाली ठेवली गेली. टेपने कमरेचा टेप काढला, होडीच्या रुंदीला लावला, बघितलं, परत लावला. साडेचौतीस इंच.

सहा आठवड्यांचे थर, दोन्ही अंगांनी. वर ती वेणी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेलं तीस त्याच्याकडे बघत होतं.

उस्तादांनी मिनिटभर मन मारून धीर धरला. मग ते पाळण्याच्या कडेला टेकले आणि पोट धरून हसायला लागले. लंबूही हसला. टेपला हसू आलं नाही, पण रागावण्याची सोयही नव्हती.

मग धंद्यात जे जे करतात ते सगळं झालं. होडी आडवी करून पाहिली, तर मध्ये केबिन, तिची उंची चाळीस इंच. दाराची फळी बिजागऱ्यांवरून उतरवून भिंतीला टेकवली, तेव्हा चौकट साडेतेहतीस भरली. एक इंच कमी. दाबून पाहिलं, पण थर कसले, ते दगडच झाले होते. खिडकीला गज होते. गॅलरीला जाळी होती. भोंगा उभी राहायला लागल्यावर तीन महिन्यांपूर्वी ती टेपने स्वतःच्या हातांनी बसवली होती आणि चांगली बसवली होती.

एव्हाना समोरच्या बिऱ्हाडातले पेन्शनर आजोबा बाहेर आले होते. त्यांनी सगळं शांतपणे पाहून सांगितलं की चौकटीच्या बाजूची भिंत पाच-सहा विटा फोडली तर काम होईल. उंटावरचा शहाणा प्रत्येक इमारतीत एक असतोच. त्यांचा सल्ला कुणी घेतला नाही, तेव्हा ते बातमी घेऊन खाली गेले.

"राहू दे होडी," बायको गुपचूपला कडेवर घेऊन वर आली होती, ती म्हणाली. "मुलींना इथे बसवू, फोटो काढू, आक्कांना खाली दाखवू."

"फोटो नको."

"मग काय करणार?"

टेपने खिशातली पुठ्ठा कापायची सुरी काढली. केबिन कापली तर होडी आडवी होऊन निघाली असती. पण केबिनचे आणि तळाचे थर एकमेकांत गेलेले. ती कापायची म्हणजे पोटच फाडायचं आणि मग खाली नेऊन चिकटपट्ट्यांनी बांधायचं. बायकोला ते कळलं. उस्तादांनाही कळलं, ते हसायचे थांबले. टेपने केबिनच्या बुडाशी सुरीचं टोक टेकवलं. त्याला रडू येण्यासारखं झालं होतं, छत्तीस वर्षांच्या माणसाला, खळीच्या होडीसाठी.

"बाळ्या!"

हाक जिन्याच्या पोकळीतून आली. धुलाईखान्यात वाफेच्या यंत्रांवरून ओरडून ओरडून आक्काचा आवाज तयार झालेला. भोंगा कुणावर गेली, ते त्या क्षणी सगळ्या इमारतीला समजलं.

टेप कठड्यावरून वाकला. खाली, तीन मजल्यांच्या तळाशी, भोंगाला शेजारणीकडे देऊन आक्का जिन्याच्या पहिल्या पायरीशी काठी टेकून उभी होती आणि वर बघत होती.

"हातात काय आहे तुझ्या?"

"सुरी."

"ठेव खाली."

"आक्का, एका इंचाचा प्रश्न आहे. वरचं कापतो, मग येईल खाली."

"किती दिवस खपलास त्याच्यावर?"

"सहा आठवडे."

"मग कापायची नाही."

"अगं, मग तू कशी बघणार?"

 जिन्यात प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी उभं होतं. आक्काने पहिल्या पायरीवर एक पाय ठेवला. मग दुसरा. मग कठडा धरून बराच वेळ तशीच उभी राहिली.

"बाळ्या," ती म्हणाली, आणि आता ती ओरडत नव्हती, तरी ऐकू आलं. "पट्टे आहेत का तुम्हा लोकांकडे?"

टेप चोपन्न पायऱ्या कसा उतरला, ते त्याला आठवत नाही. उस्ताद आणि लंबू पट्टे खांद्यावर टाकून त्याच्यामागे आले.

आक्का परत खुर्चीत बसली होती. तिच्या अटी तयार होत्या.

"चौघांनी उचलायचं नाही. दोघांनीच."

"बरं," टेप म्हणाला.

"आडवं करायचं नाही. फ्रीज नेता ना, तसं उभं न्यायचं."

"फ्रीज आम्ही रोज नेतो, ताई," उस्ताद म्हणाले. "फ्रीज बोलत नाही, एवढाच काय तो फरक."

"आणि तू माझ्या पुढे राहायचं," आक्का टेपला म्हणाली. "उलटं चाल, पडलास तरी चालेल. पण तोंड माझ्याकडे ठेव."

खुर्चीखालून पट्टे गेले, उस्तादांनी गाठी दोनदा ओढून पाहिल्या, आणि आक्का उचलली गेली. टेप तिच्यापुढे उलट्या पावलांनी चढत होता, रोजच्यासारखा पुकारा करत. "सावकाश. वळण. डावीकडे घ्या. टेक." शेजारीपाजारी भिंतीला चिकटून वाट देत होते. आक्का इकडेतिकडे बघत नव्हती. तिने खुर्चीचे हात इतके घट्ट धरले होते की बोटांची पेरं पांढरी पडली होती, आणि नजर टेपच्या तोंडावर रोखलेली होती. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिने डोळे मिटले.

"दुखतंय का, आक्का?"

"नाही. चाल तू. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही बोल."

मग त्याने पुढच्या अठरा पायऱ्या मोठ्याने मोजल्या, कारण त्याला दुसरं काही सुचलं नाही. दारापाशी पोचल्यावर त्याने सवयीने टेप काढून खुर्चीची रुंदी मोजली.

"आता मोज!" आक्का म्हणाली. डोळे उघडले होते. "वरातीमागून घोडं!"

खुर्ची बावीस इंच भरली आणि सुखरूप आत गेली.

दार मोकळं करायचं म्हणून होडी आतल्या भिंतीशी ढकलून ठेवलेली होती, टोक भिंतीकडे. बायकोने दोघी मुलींना तिच्यात बसवलं. भोंगाने भिंतीकडे एकदा बघितलं आणि जे सुरू केलं ते थांबेना. गुपचूपने काठाची वेणी तोंडात घेतली. उस्तादांनी आक्काची खुर्ची होडीला लागून ठेवली आणि जाहीर केलं, आता सगळी पार्टीच वर आणायची. पाहुण्यांची रांग लागली, टेबल एकाने, लाटा दुसऱ्याने, केक आणायला स्वतः बायको गेली, कारण तो दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा तिला भरवसा नव्हता. खोलीत दोन मिनिटं टेप, आक्का आणि मुली एवढेच उरले.

आक्काने खोली पाहून घेतली. पाळणा पाहिला, गॅलरीची जाळी पाहिली, स्वयंपाकघराची खिडकी तिथूनच दिसते का ते मान वाकवून पाहिलं. मग होडीच्या कडेवर हात फिरवला, ठोकून बघितलं.

"चांगली पक्की केलीस," ती म्हणाली. मग ती आत वाकली आणि तिला तो न रंगवलेला तुकडा दिसला. तिचा हात तिथेच थांबला.

"बाण जिकडे, होडी तिकडे," टेप म्हणाला. त्याला वाटलं, ती हसेल. "तूच म्हणाली होतीस. माझ्या वाढदिवसाला."

भोंगा रडत होती. आक्काने बाणावर बोट ठेवलं.

"वाढदिवस नव्हता रे तो," ती म्हणाली. "आईला नेलं तो दिवस होता."

टेप होडीशेजारी जमिनीवर बसला.

"पहिल्या मजल्यावर राहायचो आपण. जिना अरुंद होता. चार माणसं आली होती, त्यांनी आईला आडवं उचललं, आणि दारात ती अडली. कुणी मोजलं नव्हतं. तिरकं केलं, परत मागे घेतलं, परत तिरकं केलं. तू सगळं बघत होतास. मला काय करावं सुचेना. कोपऱ्यात खोकं होतं, त्यात तुला बसवलं आणि तोंड भिंतीकडे केलं. हलू नकोस, बुडशील म्हटलं. तू खरंच हलला नाहीस. नेऊन झालं, माणसं गेली, तरी तू तसाच बिस्किटं खात भिंतीकडे बघत बसलेला." तिने नाक पुसलं. "मोठा झाल्यावर तू सगळ्यांना वाढदिवस म्हणून सांगायला लागलास. मग मी कशाला बोलू? तेवढा एकच तर होता तुझ्याकडे."

 इतकी वर्षं टेप ती गोष्ट सांगत आला होता, आक्कासमोर, हसत हसत, आणि आक्का दर वेळी उठून वाढायला जात होती. खुर्ची नको म्हणत होती. पाठीमागची ती पावलं त्याला आता पुन्हा ऐकू आली, आणि ती काय करत होती हेही कळलं. त्याने आक्काचा हात धरला.  आक्काने तो धरू दिला आणि दुसऱ्या हाताने गुपचूपच्या तोंडातून वेणीचा धागा काढला.

जिन्यात माणसांचे आवाज जवळ आले. कुणीतरी पायऱ्या मोजत होतं, कुणीतरी केकवरून ओरडत होतं.

टेप उठला. त्याने होडीची लांबी मोजली. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत होडीचं माप घेतलं, मग खोलीची रुंदी घेतली. मग सगळं पुन्हा एकदा, पहिल्यापासून मोजलं. पाळणा आत ढकलला, भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेलं तीस अंगठ्याने पुसलं.

"उस्ताद," त्याने टेबल घेऊन आलेल्या उस्तादांना हाक मारली. "जरा हात लावा. होडी वळवायची आहे."

"मुलींसकट?"

"मुलींसकट. दाराकडे तोंड करू या. दीड इंच जागा आहे."

"दोनदा मोजलंस?"

"दोनदा मोजलं."

दोघांनी दोन टोकं धरली आणि होडी जमिनीवरून हळूहळू फिरवली. काठ एकदा भिंतीला घासला, लाल रंग थोडा उडाला, पण ती फिरली. समोर दार होतं, आणि त्याला फळीच नव्हती. त्यातून माणसं आत येत होती, हातात निळ्या लाटा, मोज्यांचे प्राणी आणि एका डोळ्याची मासळी. भोंगाने रडणं अर्ध्यावर सोडलं आणि तोंड तसंच उघडं ठेवून ती त्यांच्याकडे बघायला लागली.

आक्काने खुर्ची पुढे ओढून घेतली आणि दोघींच्या कानाशी वाकली.

"बाण जिकडे, होडी तिकडे," ती म्हणाली. "आणि हला गं हवं तेवढं. ही बुडत नाही."

भोंगाने काठ धरला आणि ती उभी राहिली.